आठ पेंटियम आणि गंगासागर अक्का

वडवणीच्या बसस्टँडसमोर गाळ्यांची एक रांग होती. त्या रांगेत शेवटून दुसरा गाळा गंगासागर अक्काचा. पाटी बापाच्या नावाची, 'केदारनाथ रेडिओज'; आत मात्र स्टुलावर बाई. नवखं गिऱ्हाईक आधी विचारायचं, "मिस्तरी कुठं गेलेत?" अक्का मान वर न करता म्हणायची, "मिस्तरी इथंच हाय. काय बिघडलंय ते सांगा."

केदारनाथअप्पांची नजर अधू झाली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. बाप तोंडानं सांगायचा, पोर हातानं तारांना डाग द्यायची. पुढं तिला उमापूरला दिली. दोन वर्षांत ती परत आली. का आली ते गावानं पुष्कळ विचारून पाहिलं. "तिथं माझ्या हाताला काम नव्हतं," एवढंच तिनं सांगितलं आणि बापाच्या शेजारी जाऊन बसली. अप्पा गेल्यावर स्टूल तिचं झालं. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूला ती एक चिठ्ठी बांधायची. काय गेलं होतं, काय घातलंय, किती दिवस चालेल, सगळं त्यावर. चिठ्ठीत खोटं नसायचं आणि गोड तर मुळीच नसायचं. 'टेपचं हेड झिजलंय. वर्षभर चालेल. मग फेकून द्या.'

वडवणी तालुका झाला त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. भावाची मुलगी स्वप्नाली बारावी होऊन घरी बसली होती. ती दुपारी दुकानात येऊन आत्याला पेपर वाचून दाखवायची. गुरुवारी पेपरात संगणकाचं एक पान यायचं, आणि त्या दिवशी म्हाळू हमालापासून कंडक्टरपर्यंत चारदोन माणसं उगाच दुकानापाशी रेंगाळायची. त्यांना संगणकाशी घेणंदेणं नव्हतं. अक्का काय बोलते ते ऐकायचं असायचं.

"आत्या, परदेशात फ्रिजला इंटरनेट लावलंय. दूध संपलं की फ्रिज आपणहून दुकानदाराला कळवतो."

"दूध संपल्यालं कळायला फ्रिज कावून लागतो गं? पातेलं उचललं की कळतंय."

"नव्या चिपचा ठोका सेकंदाला शंभर कोटी वेळा पडतो म्हणे."

"एवढ्या घाईनं करती काय ती?"

"पत्र टाईप करायचं, हिशेब करायचा..."

"म्हंजे पत्र लिव्हायला सेकंद आन् पोचायला आठ दिवस. हाणा!"

वर्षाच्या सुरुवातीला जगातले सगळे संगणक बंद पडणार, विमानं कोसळणार, असं त्या पानानं दोन महिने लिहिलं होतं. काहीच पडलं नाही. तेव्हा त्याच लेखकानं 'संकट टळले' असा मथळा दिला. अक्का म्हणाली, "यानंच आणलं, यानंच टाळलं. मांत्रिकाचं पोट असंच चालतं."

पण एका गुरुवारी ती हसली नाही. मॉनिटर अंधुक दिसू लागल्यास मागचं झाकण उघडून ओल्या फडक्यानं पुसावा, असा सल्ला त्या पानात दिला होता. अक्कानं हातातली इस्त्री, म्हणजे डाग द्यायची कांडी, स्टँडवर ठेवली.

"पुन्हा वाच."

स्वप्नालीनं पुन्हा वाचलं.

"टीव्ही काय आन् ते काय, काचेची नळी एकच. बंद केल्यावरबी तिच्यात हजारो व्होल्ट बसून राहत्यात. मला एकदा बसलाय झटका, भिंतीवर जाऊन आदळले होते. ह्याचं ऐकून कोणाचं लेकरू मरंल!"

तिनं त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकलं. पंधरा दिवसांनी त्यातल्या तीन ओळी छापून आल्या. खाली नाव होतं, 'श्री. गंगासागर, वडवणी'. स्वप्नालीला कोण आनंद झाला. अक्का म्हणाली, "तीन ओळीत एक चूक. बाईला व्होल्ट कळत्यात, हे त्यांच्या डोक्यात मावना."

गुढीपाडव्याला गावात 'विश्ववेध कॉम्प्युटर्स' हा संगणकाचा क्लास उघडला. मालक विजयसिंह, तिशीतला, घरची शंभर एकर जमीन आणि सोसायटीचं राजकारण पिढीजात. काचेचं दार, आत एसी, पायताणं बाहेर काढायची. पाटीवर लाल अक्षरांत, 'आठ पेंटियम-थ्री. इंटरनेट लवकरच'. स्वप्नालीनं बापाच्या मागं लागून नाव घातलं होतं, म्हणून अक्काही उद्घाटनाला गेली. आठही मॉनिटरांना हार घातले होते. एकाच्या डोक्यावर कुंकवाचा टिळा.

लोक पेढे खात होते तेव्हा अक्का शेवटच्या टेबलापाशी गेली आणि बोटाची मागची बाजू संगणकाच्या डब्याच्या पत्र्याला हळूच टेकवली. बारीक झिणझिण्या आल्या.

"विजयसिंह, आर्थिंग कुठं केलंय?"

विजयसिंहाच्या हातात पेढ्याचं ताट होतं. "काय म्हणालात, अक्का?"

"तुमचा पेंटियम करंट मारतोय."

"एसीनं मुंग्या येत आसतील," तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अक्का, हा रेडिओ न्हाई. ह्ये कॉम्प्युटर हाय. पुण्याच्या इंजिनिअरनं जोडलाय."

खोली हसली. म्हाळूही हसला, आणि मग अक्काकडं बघून गप्प झाला. अक्कानं पेढा पदराला बांधला, बाहेर येऊन चपला घातल्या आणि दुकानात गेली. त्या दुपारी तिनं एक ट्रान्झिस्टर तीनदा उघडला, तीनदा बंद केला. एरवी तिचा हात असा चुकत नसे. ती मनात म्हणत होती, चाळीस वर्षं ह्या घराण्यानं वीज हाताळली, आणि एक पेढ्याचं ताट धरलेला माणूस मला सांगतो की हा रेडिओ न्हाई.

मे महिन्यात एका दुपारी वावटळ उठली. बाजारतळाकडं पत्रे उडाले. डीपीजवळची न्यूट्रलची तार तुटली आणि व्होल्टेज चढून गल्लीतल्या निम्म्या घरांत दिवे भगभगून पांढरे झाले. अक्कानं ते पाहिलं मात्र, खटका पाडून सगळं दुकान बंद केलं आणि शेजारच्या गिरणीवाल्यालाही ओरडून सांगितलं. 'विश्ववेध'मध्ये सांगणारं कोणी नव्हतं. तिथं आठही डबे चालू होते. फटाक्याच्या माळेसारखे एकामागून एक आवाज झाले, खोलीभर धूर झाला आणि पोरं अनवाणी रस्त्यावर आली. स्वप्नाली पळत दुकानात आली. तिच्या केसांना जळक्या रबराचा वास येत होता.

"आत्या, सगळे गेले!"

"तू हायस ना धड? मग बस. पाणी पी."

पुण्याच्या इंजिनिअरनं फोनवरच निकाल दिला, की सगळं जळालं असणार, नवीन घ्या. विजयसिंह दोन दिवस घरात बसून होता. तिसऱ्या दिवशी तो अक्काच्या दुकानासमोर उभा राहिला. आत बाकावर धर्मापुरीचा एक म्हातारा मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसला होता.

"बसा," अक्का म्हणाली. "ह्यांचा नंबर आधी हाय."

सोसायटीच्या घरातला माणूस अर्धा तास त्या बाकावर बसला. टेपचा पट्टा बदलून झाला, चिठ्ठी बांधून झाली, म्हातारा गेला. मग अक्का म्हणाली, "बोला. एसीनं मुंग्या आल्यात का?"

"चुकलं, अक्का. बघता का एकदा? तुमाला जमंल का पण?"

"मला ठावं न्हाई. तुमच्या इंजिनिअरलाबी ठावं न्हाई. फरक एवढाच, की मी उघडून बघणार हाय."

हातगाडीवरून आठ डबे आले, सोबत एक मॉनिटर. पहिला डबा उघडताना स्वप्नालीला वाटलं आत्या घाबरली असेल. अक्का घाबरली नव्हती, पण बोलतही नव्हती. तिनं पंख्याची पेटी बाहेर काढून खोलली आणि एकदम हुंकारली. "हात्तिच्या! ही तर रंगीत टीव्हीतली पॉवर सप्लाय. डिझाईन वेगळं, जात तीच." फ्यूज उडालेला, दोन मोठे कपॅसिटर फुटलेले, डायोड शॉर्ट. असल्या शंभर दुरुस्त केल्या असतील तिनं. ती बीडला जाऊन सामान घेऊन आली. एकेक सप्लाय जोडून ती शंभरच्या बल्बमधून वीज देऊन बघायची. बल्ब भकभकून पेटला तर अजून शॉर्ट आहे, एकदा चमकून मंदावला तर बाई जिंकली. चार दिवसांत बल्ब सहा वेळा मंदावला. दोन डब्यांचं आतलंच जळालं होतं, त्यांना तिनं बाजूला सारलं.

मोठ्या पाटीवर, ज्याला स्वप्नाली मदरबोर्ड म्हणायची, अक्का भिंग लावून बराच वेळ बघत राहिली. केसासारख्या बारीक रेघा, एकही दुसरीला न शिवणारी. "काम सुबक हाय," ती पुटपुटली. "ज्यानं केलं त्याला पेपरात लिव्हायला सवड नसंल." आणि लगेच, "पण ही पाटी जुनी हाय. धुऊन काढलीय. खाचेत धूळ बघ, ती चार-पाच वर्षांच्या आतली नसंल."

मॉनिटर जोडून पहिला डबा चालू केला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. क्लासात पोरं यायच्या आधीच डबे चालू केलेले असायचे, त्यामुळं ही अक्षरं स्वप्नालीनं कधी पाहिली नव्हती. तिनं वाचलं आणि पुन्हा वाचलं. "आत्या, हे पेंटियम नाहीच. फोर एटी सिक्स आहे. मेमरी आठ."

"म्हंजे?"

"म्हणजे दोन-तीन पिढ्या मागचं. कुठल्यातरी हापिसातनं टाकून दिलेलं."

डब्याच्या तोंडावर चकाकतं लेबल होतं, 'पेंटियम-थ्री'. सहाही डब्यांना तेच लेबल आणि सहाही वेळा पडद्यावर तीच अक्षरं.

विजयसिंहाला बोलावून अक्कानं पडदा दाखवला. त्याचा चेहरा पांढरा पडला. ते सोंग नव्हतं. "मला ज्यानं दिले त्यानं... मला आत काय आसतंय ठावंच न्हाई, अक्का."

"मग शिकवीत काय होता?"

तो खाली बघत म्हणाला, "गावात वाच्यता नको. तुमाला हार्डवेअरची मास्तरीण करतो. काचेच्या आत केबिन देतो."

"केबिन तुमालाच ऱ्हाऊ द्या. आधी खड्डा खांदा, मीठ-कोळसा घालून आर्थिंग करा. आन् ही लेबलं काढा."

"आर्थिंग उद्याच करतो. लेबलाचं... पोरं सोडून जातील, अक्का."

"मग ज्याला जायचं त्यो जाईल."

विजयसिंह तसाच निघून गेला. अक्कानं स्वप्नालीला कोमट पाणी आणायला सांगितलं. सहा लेबलं नखानं खरवडून काढली. मग नेहमीसारख्या सहा चिठ्ठ्या लिहिल्या, पण दोऱ्यानं न बांधता खळीनं डब्यांच्या तोंडावरच चिकटवल्या. 'फोर एटी सिक्स. मेमरी आठ. जुना माल. चालतो.' आणि हातगाडी भरबाजारातून 'विश्ववेध'कडं धाडली. गाडी म्हाळूनं ओढली. वाचता न येणाऱ्या म्हाळूनं वाटेत भेटेल त्याला चिठ्ठीतला मजकूर तोंडपाठ सांगितला.

आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. पालक आले, भांडले. निम्मी पोरं गेली. विजयसिंहाच्या चुलत्यानं दुकानाबाहेर जीप थांबवून विचारलं, "बाईमाणसानं एवढं कावून करावं?" अक्का म्हणाली, "माझ्या हातून गेलेल्या वस्तूवर मी खोटी चिठ्ठी ठेवीत न्हाई. तुमच्या घरच्या रेडिओवरबी बघा, माझी चिठ्ठी आसंल." चुलता गेला. तो पुन्हा जाब विचारायला आला नाही, पण त्या घरातला एकही टीव्ही पुढं तिच्याकडं आला नाही. ते नुकसान तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

पाटीवरची लाल अक्षरं विजयसिंहानं आपणच पुसली. स्वप्नालीनं क्लास सोडला नाही. "तूच लिहिलंस ना, चालतो," ती म्हणाली. दीड वर्षानं क्लास बंद पडला आणि विजयसिंहानं तिथं खताचं दुकान टाकलं. बाजूला सारलेले ते दोन मेलेले डबे अक्काकडंच राहिले होते. आत्या-भाचीनं त्यातलं धडधाकट निवडून, उरलेलं बीडहून आणून, एक डबा उभा केला. गुरुवारचं पान चालूच होतं आणि अक्काचं तोंडही. आता घरोघरच्या सगळ्या वस्तू एकमेकींशी बोलणार असं त्यात यायचं. अक्का म्हणायची, "गल्लीतली भिवराबाई आन् तिची सून चार वर्षं बोलत न्हाईत. आधी त्यांचं जोडा."

दुकानात फोन आला त्या वर्षी स्वप्नालीनं फोनवरून इंटरनेट लावायला औरंगाबादहून एक जुना मोडेम आणला. अक्काकडं आठ महिन्यांपासून एका परदेशी टेपडेकची चिप पडून होती. तिचे पाय कोणते कशाचे, हे बीडात कोणाला सांगता आलं नव्हतं. स्वप्नालीनं फोनची तार जोडली. डब्यातून किंचाळल्यासारखा खरखराट आला.

"रेडिओच्या दोन स्टेशनांच्या मधी ह्येच ऐकू येतंय," अक्का म्हणाली. "ह्यासाठी जग येडं झालंय का?"

पडदा बराच वेळ पांढरा होता. अक्का दुसऱ्या कामाला लागली. मग स्वप्नालीनं हाक मारली. वरून एकेक रेघ उतरत एक आकृती उमटत होती. चिपचा माथा, पहिला पाय, दुसरा, तिसरा, प्रत्येकासमोर बारीक अक्षरं. अक्का स्टुलावरून उठून पडद्याशी वाकली. पेन्सिल काढून रद्दी पेपरच्या कडेवर तिनं तीन पाय उतरवून घेतले. चौथा पाय अर्धा आला आणि लाईन तुटली.

"गेलं," स्वप्नाली म्हणाली. "पावसाळ्यात असंच होतं. उद्या बघू."

अक्कानं पेन्सिल खाली ठेवली नाही. स्टूल ओढून ती पडद्यासमोर बसली.

"पुन्हा लाव."