बस कुणी अडवली?

"दाबा, दाबा! पायाखाली अंडं हाय का?"

कुरकुंभला हायवेच्या कडेला आप्पांची पीयूसीची टपरी होती. गेला असाल तर हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. सायलेन्सरमध्ये नळी घालायची, ड्रायव्हरनं पूर्ण रेस द्यायची आणि मशीननं धूर मोजायचा, एवढंच काम. पण आमची ड्रायव्हरांची जमात पोचलेली. रेस अर्धीच दाबायची, म्हणजे काळा धूर बाहेरच येत नाही. मग आप्पा ड्रायव्हरला खाली उतरवायचे आणि सत्तरीचा हा गडी लेंगा सावरत स्वतः केबिनमध्ये चढायचा.

मीही सापडलो एकदा. खुटबावची पोरं दौंडच्या शाळेत नेणारी माझी बस. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती. कागद पुरे नसतील तर शाळा दुसऱ्याची बस लावणार, असं मला स्पष्ट सांगितलेलं.

"आप्पा, वळखीतलं हाय आपलं. घ्या की सांभाळून."

"बरं. तुमी मागच्या शिटावर बसा. खिडकी उघडी ऱ्हाऊ द्या."

मी बसलो. आप्पांनी रेस दाबली आणि मागचा धूर भसाभसा आत आला. खोकून खोकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"कोण बसतं वो तिथं?" आप्पांनी पुढून विचारलं.

"पैली-दुसरीची पोरं."

"मंग? देऊ सर्टिफिकेट?"

"नका देऊ," मी म्हणालो. स्वतःच्या तोंडानं! म्हाताऱ्याचा असा राग आला होता म्हणून सांगू.

दिवसभर दौंडात नोझल साफ करून घेतले, फिल्टर बदलला. संध्याकाळी परत आलो तर आप्पा माझ्यासाठी थांबलेले. "आता रेस तुमी द्या," म्हणाले आणि स्वतः मागच्या शिटावर जाऊन बसले. एकदाही खोकले नाहीत. बस पास झाली.

गेल्या वर्षी आप्पा वारले. परवा माझी पीयूसी संपली, तर एक सेंटरवाला फोनवर म्हणाला, "गाडी कशाला आणता? फोटो पाठवा, सर्टिफिकेट मिळेल." फोटो काढलाही. पाठवायला काही हात धजेना. शेवटी बस घेऊन न्हावऱ्यावरून थेट शिरूरला गेलो. तिथला माणूस अजून नळी घालून तपासतो. पूर्ण रेस दिली. नापास!

तिथूनच शाळेत फोन लावला. दोन दिवस बस येणार नाही म्हटल्यावर मॅडम घाबरल्या.

"अहो, कुणी अडवली का बस?"

"व्हय मॅडम. आमच्या आप्पांनी."