कितवा आलास?

भिका गेल्याचं मला कळलं ते बँकेतल्या फोनवर, आणि ज्यांच्या तोंडून ते ऐकायची माझी अजिबात इच्छा नव्हती त्यांच्याच तोंडून. आमच्या क्रीडा संघटनेचे सेक्रेटरी. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव छापून यायची त्यांना फार हौस आहे, ती मी कशाला भागवू? "अहो दिलीपराव, तुमचा तो पगारे गेला. कावीळ झाली होती म्हणे. रविवारी शोकसभा ठेवतोय, तुम्ही चार शब्द बोला. आंतरराष्ट्रीय खेळाडू बोलला की पेपरवाले दखल घेतात." कधी गेला, मी विचारलं. "झाले की चार-पाच दिवस," ते म्हणाले आणि त्याच दमात पुढे, "येताना तुमचा तो भारताच्या संघाचा ब्लेझर घालून या." ...फोन ठेवला तेव्हा काउंटरसमोर माणसं पासबुकं घेऊन उभी होती. मी त्यांची कामं केली. रडू वगैरे काही आलं नाही. चीड आली, आणि खरं सांगायचं तर निम्मी माझी मलाच आली.

भिका पगारे निफाड तालुक्यातल्या एका खेड्यातला. आई-बाप दुसऱ्यांच्या उसात राबणारे. तो शिकायला नाशिकला आला, वसतिगृहात राहिला आणि गोल्फ क्लबच्या मैदानावर मला पहिल्यांदा दिसला तो अनवाणी. आम्ही दोघं क्रॉस कंट्री धावायचो, म्हणजे रस्ता सोडून माळावरून, चढ-उतारावरून, नांगरटीतून धावायची लांब पल्ल्याची शर्यत. मी शहरातला, माझा सराव सोमेश्वरपर्यंतच्या डांबरी रस्त्यावर. तो सुट्टीला गावी गेला की पाणी दिलेल्या वावरातून पळायचा. एकदा मलाही घेऊन गेला. तिकडची काळी माती ओली झाली की पायाला धरते, वीस पावलांत एकेक पाय शेरभर जड होतो. मी तिसाव्या पावलाला तोंडावर पडलो. बांधावर बसलेली त्याची आई, सगुणामावशी, पदर तोंडाला लावून हसली. भिका म्हणाला, "मातीशी भांडू नको रे. माती झोपलीय समजायचं, अन् तिला जागं न करता पळायचं." पुढच्या चार वर्षांत मी त्याला एकदाही हरवलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण शोकसभेत ते कुणीच सांगितलं नाही.

सत्तरचं दशक अर्ध्यावर सरलं होतं, तेव्हा ज्युनियर, म्हणजे विशीच्या आतल्या, मुलांच्या आंतरराष्ट्रीय क्रॉस कंट्री शर्यतीसाठी भारताचा संघ निवडायचा ठरलं. चाचणी उत्तरेकडच्या एका लष्करी छावणीच्या गावी झाली. सहा जण जाणार होते. भिका दुसरा आला. मी सातवा. संध्याकाळी कागद तपासायला बसले. आमच्या राज्याचे मॅनेजर म्हणून हेच सेक्रेटरी तिथे होते. भिकाच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून होती, खेड्यातल्या निम्म्या पोरांची असते तीच. मास्तरांनी नाव घालताना पोराकडे एकदा बघायचं आणि सुचेल ते वर्ष लिहून टाकायचं. त्या वर्षाप्रमाणे भिका ज्युनियर गटात बसत नव्हता, आणि तो गळला की सहावा मी. तो म्हणाला, "साहेब, ते साल चुकीचं हाय. आई सांगती, छप्पन साली दीक्षेला आमची माणसं नागपूरला गेली तेव्हा मी झालोच नव्हतो. दोन वर्षांनी झालो. सगळ्या वस्तीला ठाऊक हाय." सेक्रेटरींनी मान वरसुद्धा केली नाही. "आईच्या आठवणीवर संघ जात नसतो. कागद आण." मग माझ्याकडे वळून, मुद्दाम त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझं बरं आहे. वडील शिक्षण खात्यात. कागद कसे चोख!"

कागद चोख होते. माझे वडील शिक्षण खात्यात कारकून होते आणि मी सातवीत असताना त्यांनी माझं वय दोन वर्षांनी कमी करून घेतलं होतं, पोराला पुढे नोकरीत दोन वर्षं जास्त मिळावीत म्हणून. त्या काळी पुष्कळ बाप करायचे. कुणाला त्यात पाप वाटायचं नाही. त्या जानेवारीत माझ्या वाढदिवसाला भिका घरी जेवायला होता. पानात शिरा वाढताना आई म्हणाली होती, "विशी पुरी झाली हो आमच्या दिलीपची." म्हणजे त्या खोलीत भिकाला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. खरा ज्युनियर कोण आणि खोटा कोण, हे आम्हा दोघांखेरीज तिथे कुणालाच माहीत नव्हतं. भिकानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी बुटाची नाडी बांधत राहिलो. बांधलेलीच होती ती.

परत आल्यावर भिका धावपळ करून निफाडच्या कचेरीतून प्रतिज्ञापत्र घेऊन आला. गावच्या तीन म्हाताऱ्यांचे अंगठे आणि सरपंचाची सही. ते द्यायला तो सेक्रेटरींच्या बंगल्यावर गेला. दोन तास व्हरांड्यात उभा ठेवून त्यांनी कागद घेतला आणि "बघतो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर मी त्याला म्हटलं, "भिका, होईल काहीतरी." तो थुंकला. "कागद मागत्यात! तिथं काय कागद पळणार हाय का?" एवढंच. मी तोंड उघडतो का, याची त्यानं पुढचे आठ दिवस वाट पाहिली असेल. मी उघडलं नाही. तोही कुणाला काही बोलला नाही. का बोलला नाही, हे तेव्हा मला मैत्री वाटलं... आता वाटतं, तो मला त्या लायकीचाही समजत नव्हता.

त्या प्रतिज्ञापत्राचं काय झालं ते मला विमानात कळलं. सेक्रेटरी संघाबरोबर मॅनेजर म्हणून आले होते. जेवणाचा ट्रे समोर आला तेव्हा हसत म्हणाले, "तो पगारेचा कागद माझ्या टेबलाच्या खणातच राहिला बघ. जाऊ दे. त्याला इथे काटा-चमचा तरी धरता आला असता का?" आजूबाजूची पोरं हसली. मीही हसलो. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

युरोपातल्या त्या गावाबाहेर घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. आठवडाभर पाऊस झालेला. दोरी लावून आखलेली वाट पहिल्याच फेरीत शेकडो पायांनी घुसळून निघाली आणि तिचा चिखल झाला, घोट्याच्या वर जाणारा. थंडीनं माझे हात वाकडे झाले होते. आफ्रिकेतली आणि युरोपातली पोरं पहिल्या वळणालाच दिसेनाशी झाली. दुसऱ्या फेरीच्या चढावर मी दोनदा घसरलो आणि तिसऱ्यांदा गुडघ्यांवर पडलो, तेव्हा माझ्या डोक्यात देश नव्हता, झेंडा नव्हता. निफाडचं ते पाणी दिलेलं वावर होतं. ही शर्यत जणू त्याच्यासाठीच आखली होती. तो जिंकला असता असं मी म्हणणार नाही, तसली खोटी भाषणं करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण तो पळाला असता. मी नुसता शेवटपर्यंत पोचलो. शेवटून चौथा. पोचलो तेव्हा माणसं दोऱ्या गुंडाळायला लागली होती. आणि आमचे मॅनेजर मैदानावर नव्हतेच. ते टेपरेकॉर्डर घ्यायला बाजारात गेले होते.

नाशिकला आल्यावर माझा सत्कार झाला. शाल, नारळ, मोठाल्या हारात बुडालेलं माझं तोंड. एका पुढाऱ्यानं "नाशिकचं नाव सातासमुद्रापार नेलं" असं सांगितलं, दुसऱ्यानं मला हॉकीपटू केलं. सेक्रेटरींनी आपण संघासाठी किती कष्ट उपसले ते सांगितलं. दीड तास भाषणं झाली आणि एवढ्या सभेत कुणीही विचारलं नाही की शर्यतीत झालं काय! कार्यक्रम संपल्यावर गर्दी पेढ्यांकडे वळली तेव्हा मागच्या खुर्चीवरून भिका उठून आला.

"कितवा आलास?"

"शेवटून चौथा."

"चिखल व्हता?"

मी पोटरीला हात लावून दाखवलं.

तो हसला, मोठ्यानं, पेढे खाणारी माणसं वळून बघतील असा. "मग बरोबर. आमच्याकडल्या वावरात तरी तुला कुठं जमला?" माझ्या गळ्यातला हार त्यानं जरा सरळ केला आणि निघून गेला. त्यानंतर तो शर्यतीत कधी उतरला नाही.

परदेशात भारताकडून धावल्याच्या त्या एका दाखल्यावर मला खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत नोकरी लागली. भिका पाटबंधारे खात्यात पाटकरी झाला. कालव्याच्या कडेनं फिरायचं, पाळीप्रमाणे शेतकऱ्यांच्या चाऱ्यांना पाणी सोडायचं, भांडणं सोडवायची. आम्ही वर्षा-दोन वर्षांनी भेटायचो. लग्न झालं, मुलगी झाली त्याला. एकदा त्याच्या ओट्यावर बसलो असताना मी धीर करून म्हणालो, संघटनेला पत्र लिहितो, माझं खरं वय कळवतो. त्यानं माझ्याकडे बघितलं, त्या चाचणीच्या संध्याकाळी बघितलं होतं तसंच. "लिव की. तुझी नोकरी जाईल. माझं वय काय कमी व्हणार हाय त्यानं? तुला हलकं वाटावं म्हणून मी कशाला ऐकून घेऊ?" आणि बायकोला चहा टाकायला सांगितला. मी पत्र लिहिलं नाही. त्यानं मना केलं म्हणून नाही. मला तेवढं निमित्त पुरलं.

शोकसभेला मी ब्लेझर घालून गेलो. घालून गेलो, हेच माझं वर्णन समजा. सेक्रेटरी म्हणाले, "पगारे हा संघटनेचा हिरा होता. वयाच्या अटीमुळे दुर्दैवानं त्याची संधी हुकली." दुर्दैवानं! मग मला बोलवलं आणि मीही 'दिलदार मित्र' वगैरे चार शब्द बोललो. टाळ्या वाजल्या, शोकसभेत. भिकाच्या घरून कुणालाच बोलावलेलं नव्हतं.

त्याच्या दिवसकार्याला, पुण्यानुमोदनाला, मी त्याच्या घरी गेलो. वंदना झाली, लोक जेवायला बसले. सगुणामावशी भिंतीला टेकून बसली होती. समोर त्याच्या मृत्यूचा दाखला पडला होता. त्यावरही तेच एक जूनचं वय, दोन वर्षांनी जास्त. ती मला ओळखेल की नाही असं वाटलं होतं. तिनं हातानं जवळ बसवलं आणि विचारलं, "तुला किती वर्सं झाली रे बाबा?"

मी खरं वय सांगितलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, परक्या माणसापुढे, मोठ्यानं.

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "मंग तू थोरला की भिक्यापेक्षा," ती म्हणाली. त्यात आरोप नव्हता. हिशेब जुळल्यासारखी तिनं मान हलवली आणि मला जेवून घ्यायला सांगितलं... ती काय समजली आणि काय नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पण हा लेख मी त्या जेवणाला जागून लिहितो आहे. बँकेतल्या साहेबांनी तो जरूर वाचावा. सेक्रेटरींनीही, त्यांच्या टेबलाचा तो खण अजून उघडतो का, ते एकदा बघावं.

निघताना त्याची बायको, शांता, मला कालव्यापर्यंत सोडायला आली. कालव्याच्या भरावावर जीप जाईल अशी पक्की मुरमाची वाट आहे. तिच्या खालच्या अंगाला, जिथे पाणी पाझरून माती कायम ओली राहते, तिथे एक एकेरी पायवाट दिसली. एका पावलाइतकी रुंद, गवतातून सरळ लांब गेलेली, कालव्याचं पाणी सोडायच्या पुढच्या दारापर्यंत आणि त्याच्याही पुढे. "खात्यानं सायकल दिली व्हती," शांता म्हणाली, "पण सकाळी ते इथूनच जायचे. पळत. रोज. मी म्हणायचे, वरून जा की, चांगली वाट हाय. ऐकायचे नाय." नवा पाटकरी वरून सायकलीवर येतो, तिनं सांगितलं. पायवाटेच्या दोन्ही कडांनी गवत आत सरकायला लागलं होतं. मी बूट काढले, हातात धरले आणि काठावर बराच वेळ उभा राहिलो. मग ते परत पायात घातले आणि मुरमाच्या वाटेनं एसटीकडे गेलो.