सहा खोल्यांच्या बाई

मोठ्या बाई कुठेही गेल्या, की त्या जागेत किती मुलं बसतील ते आधी सांगायच्या. माझ्या लग्नाच्या मांडवात शिरल्या, अक्षता हातात घेतल्या आणि माझ्या सासूबाईंना म्हणाल्या, "दोन वर्ग आरामात बसतात जी इथं. फळा लावाले जागा उरते ते वेगळीच." सासूबाईंना त्या मांडववाल्याच्या घरच्या वाटल्या. देवळाचा सभामंडप असो की सिनेमाचं थिएटर, बाईंची नजर भिंतीवरून फिरायची आणि तोंडातून आकडा यायचा.

त्या आमच्या मुख्याध्यापिका होत्या. लकडगंजच्या पलीकडे विणकरांच्या वस्तीत आमची सरकारी प्राथमिक शाळा होती. मी तिथे नवीन शिक्षिका म्हणून लागले ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. शहराबाहेरच्या हुडकेश्वरहून सायकल मारत यायचे. शाळा म्हणजे भाड्याच्या घरातल्या तीन खोल्या आणि एक पडवी. मुलांच्या तुकड्या सहा. एका खोलीत पहिलीची पाठ दुसरीच्या पाठीला लागलेली असायची. माझा पाढा पलीकडच्या बाईंच्या कवितेत मिसळायचा. पट मोठा, पण हजेरी जेमतेम निम्मी. जागा नाही म्हणून मुलं घरी परत जायची आणि मागावर बसलेल्या आईबापांना सुताच्या कांड्या भरून द्यायची.

वर्गात बाई अगदी पुस्तकी मराठी बोलत. "बाळांनो, सावकाश वाचा," असं. भांडायला उभ्या राहिल्या की मात्र त्यांची जीभ सरळ घरी जायची. त्या याच वस्तीतल्या, विणकराच्याच लेक. त्यांची भांडणं ऐकायला आम्ही शिक्षिका खडू हातात धरून दारात उभ्या राहायचो.

एके दिवशी सरकारी इमारत योजनेचं पत्र आलं. शाळेमागच्या मोकळ्या मैदानावर नवी इमारत मंजूर झाली होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईंनी पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि चष्मा काढला. खोल्या तीनच होत्या. सरासरी हजेरीवर हिशेब धरला होता. त्याच दुपारी बाई मला घेऊन शिक्षण खात्याच्या कचेरीत गेल्या. तिथले साहेब शांत, सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, "बाई, जितकी मुलं येतात तितक्याच खोल्या देता येतात. नियम आहे."

"खोल्या नाही म्हणून पोट्टे येत नाही साहेब, अन् पोट्टे येत नाही म्हणून तुम्ही खोल्या देत नाही. मंग आम्ही सुरुवात कुठून करावं?"

साहेब थोडे हसले. "हजेरी दाखवा. फेब्रुवारीत मी स्वतः येईन. मात्र मार्चअखेरपर्यंत काम सुरू झालं नाही, तर मंजुरी परत जाईल."

दुसऱ्या दिवशी चुन्याचं घमेलं घेऊन त्या मैदानात उतरल्या. भिंतींच्या जागी रेघा, दारांच्या जागी मोकळी जागा, अशा सहा खोल्या त्यांनी सरकारी नकाशासारख्या काटकोनात, खऱ्या मापात जमिनीवर काढल्या. प्रत्येक खोलीसमोर एकेक तुकडी उभी केली आणि म्हणाल्या, "दारातूनच आत जायचं. भिंतीवरून उडी मारायची नाही." थंडीचे दिवस होते. मुलं उन्हात पसरून बसली. नोकरीला लागल्यापासून माझा पाढा मला पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र मैदानावर गर्दी जमली. त्या मैदानावर वस्तीतले विणकर सकाळी ताणा लावत. लांबच लांब सूत ताणून त्याला खळ द्यायची, ते वाळवायचं, मग ते मागावर चढायचं. चुन्याच्या रेघा नेमक्या आडव्या आल्या होत्या. सगळ्यांच्या पुढे उभे होते बाईंचे सख्खे थोरले भाऊ. त्यांना सगळी वस्ती दादा म्हणायची.

"हे काय करून राहिली वं तू? आमी ताणा कुठं लावाव? तुह्या डोक्यावर?"

"शाळा होऊन राहिली दादा. आपल्याच पोट्ट्यांची."

"पोट्टे शिकतीन अन् उपाशी मरतीन! हे मैदान गेलं तं माग बंद. मी शाळा होऊ देत नाही. लिहून घे."

बाईंचा चेहरा पडला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. दादांनीच चौथीनंतर स्वतःची शाळा सोडून, माग चालवून बहिणीला शिकवलं होतं. त्यांच्याशी भांडायला बाईंची जीभ वळेना. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुह्या ताण्याले किती लांब जागा लागते, ते मले दाखव."

दादा थोडे गोंधळले. मग त्यांनी सुताचं एक टोक बाईंच्या हातात दिलं, दुसरं घेऊन ते चालत निघाले आणि मैदानाच्या पार टोकाला जाऊन थांबले. बाईंनी पाहिलं, की सूत उभं लागतं, आडवं नाही. काटकोनातली इमारत सरळ करून सहाही खोल्या मागच्या कुंपणालगत एका रांगेत घेतल्या, तर ताण्याची पूर्ण लांबी मोकळी राहते.

"पुस," त्या मला म्हणाल्या. आम्ही सगळ्या शिक्षिकांनी पायांनी चुना पुसला. नव्या रेघा आखायला सुताचं दुसरं टोक दादांनीच धरलं. रेघ किंचित वाकडी गेली की ते ओरडायचे, "भिंत हाय का साप हाय?" शेवटची खोली आखून झाली तेव्हा हात झटकत त्यांनी विचारलं, "पयली कोणती?" बाईंनी बोट दाखवलं. दादा घरी गेले आणि कांड्या भरत बसलेल्या नातीला हाताला धरून घेऊन आले. दारातूनच आत आणलं तिला.

त्यानंतर आठवड्याभरात पटावरची बहुतेक मुलं यायला लागली.

फेब्रुवारीत साहेब आले, बरोबर बांधकाम खात्याचा एक ओव्हरसियर. चुन्याची रेघ ओलांडायला साहेबांनी पाय उचलला, तोच पहिलीतली एक चिमुरडी ओरडली, "भिंत आहे नं जी! तिकडून या!" साहेब वळसा घालून दारातून आत गेले. सहाही खोल्या फिरले, प्रत्येक तुकडीची हजेरी स्वतः घेतली. ओव्हरसियर म्हणाला, "साहेब, नमुना नकाशा काटकोनाचा आहे. असा सरळ बसत नाही."

"बसते," दादा मागून म्हणाले. "आमी बसवून पायला."

साहेबांनी तिथेच, तिसरीच्या खोलीत उभं राहून शेरा लिहिला. सहा खोल्या, एका रांगेत. मार्च संपायच्या आत पाया खणला गेला. पहिली कुदळ पडली तेव्हा बाई पदराने डोळे पुसत होत्या आणि धूळ गेली म्हणून सांगत होत्या.

उद्घाटनाला पाहुण्यांची भाषणं लांबली. बाईंची मंचावरची खुर्ची रिकामीच होती. त्या आत मुलांना जागा दाखवत फिरत होत्या.

बाई निवृत्त झाल्या तोवर त्या सहा खोल्याही अपुऱ्या पडू लागल्या होत्या. आजूबाजूच्या वस्त्यांतली मुलं येत होती. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला, नव्या मुख्याध्यापिकेला, वरच्या मजल्यावर दोन खोल्या मागणारा अर्ज दिला आणि म्हणाल्या, "सही तुही. अन् नाही म्हटलं तं पुन्हा जाजो." मी पाच वर्षं कचेरीत जात राहिले. शेवटी मंजुरीचं पत्र आलं तेव्हा ते घेऊन धावतच त्यांच्या घरी पोचले. बाई तोवर चांगल्याच थकल्या होत्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"अन् पेढे कुठं आहे? तशीच हात हालवत आली?"

मग स्वतःच काठी टेकत निघाल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे घेतले आणि गल्लीत दारोदार वाटू लागल्या. एका ओट्यावरच्या म्हातारीने पेढा तोंडात टाकत विचारलं, "काय झालं वं बाई? पोरगा का पोरगी?"

"खोल्या," बाई म्हणाल्या. "जुळ्या!"