कव्हरखालची घरघर

आमच्या घरात उघडं काही राहत नाही. मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी. वारज्यात समोर सतत कुठली तरी इमारत उभी राहत असते, सिमेंट थेट घरात येतं, मी तरी काय करू? म्हणून ह्यांच्या कॉम्प्युटरलाही मी कव्हर शिवलं, जुन्या पडद्याचं, खाली झालर लावून. हे म्हणायचे, "अगं, तो तापतो. चालू असताना तरी काढत जा." मी म्हणायचे, "चार माणसं येतात घरी." हे काढायचे, मी घालायचे. आमचा सगळा संसार असाच झाला.

निवृत्त झाल्यावर हे रोज सकाळी आतल्या खोलीत बसून परदेशातल्या नातीसाठी गोष्टी रेकॉर्ड करायचे. तिथून घरघर सुरू झाली की मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "अहो, बंद करा तो डबा, डोकं उठलं माझं." "कॉम्प्युटर तापलाय गं," हे म्हणायचे. "मग आणखी गोंजारा त्याला," मी म्हणायचे.

गेल्या वर्षी हे गेले. दोन दिवस हॉस्पिटलात, संपलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, "धाप किती महिन्यांपासून लागत होती?" मी ठासून सांगितलं, धापबीप काही नव्हती, मी घरातच असते ना. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. ते बघणं अजून माझ्या मागे लागलंय.

त्यानंतर मला बंद खोलीतून घरघर ऐकू यायला लागली. जाऊन बघावं, तर कॉम्प्युटरची वायरसुद्धा काढून ठेवलेली. भित्री नाही मी, पण त्या खोलीला बाहेरून कडी घालायला लागले.

मग परदेशातल्या मुलीने नातीसाठी ह्यांच्या गोष्टी मागितल्या. कडी काढली, कॉम्प्युटर लावला. शेवटची गोष्ट तारखेवरून लगेच ओळखू आली. त्या सकाळी मी ह्यांना फार लागट बोलले होते, "डब्यासकट बाहेर जाऊन बसा," इथपर्यंत. दिवसभर अबोला धरला होता. आणि पुढच्या आठवड्यात माणूस नव्हता. गोष्ट पंधरा मिनिटांची. लहानपणी खडकवासल्याच्या कालव्यात पोहायला गेल्याची. हे सांगत होते, "मी उडी मारली, पार तळाला गेलो, श्वास संपत आला, आणि..." एवढ्यात कॉम्प्युटर तापून बंद पडला. सातवं मिनिट. गार होऊ दिला, पुन्हा लावला. पुन्हा सातवं मिनिट, पुन्हा हे पाण्याखाली.

पुढे सरकवून शेवट ऐकता येतो, एवढं कळतं मला. धीर होत नव्हता. माझ्या बोलण्यावर हे काय बोलून गेले, तेवढंच मला हवं होतं, आणि तेच नको होतं. "आतली डिस्क काढून पाठव," मुलगी म्हणाली. नाही पाठवली. आधी मी ऐकणार, सगळं, पहिल्यापासून.

शेवटी तो डबा चादरीत गुंडाळला, रिक्षात मांडीवर घेतला आणि शनिवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. सोबत कव्हरही गेलं. त्याने झालर बोटांत धरून पाहिली. "काकू, शिवण सुरेख आहे. थंडीत माणसाला घाला, ह्याला नको." झाकण उघडलं. पंख्यावर धुळीचा जाड थर, त्यात माझ्या विणकामाची लोकर, आणि दर खंडेनवमीला ह्यांनी कॉम्प्युटरवर वाहिलेल्या झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या. "पूजा बाहेरून केली तरी पोचते हो," तो म्हणाला. त्याने ब्लोअर मारला, नवा पंखा बसवला, आतली उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडून ताजी लावली. पाकळ्या मी मागून घेतल्या.

घरी आणून लावला तर अजिबात आवाज नाही. गोष्ट सुरू केली. सातवं मिनिट आलं आणि गेलं. हे पाण्यातून वर आले. मला रडूच आलं.

गोष्टीत घरघर मात्र होतीच. रेकॉर्डिंगमध्ये जुना पंखा आलाय, मी म्हटलं. मग लांबून माझाच आवाज आला, "अहो, थांबवा ती घरघर, नाहीतर डब्यासकट बाहेर जाऊन बसा." हे म्हणाले, "हो गं, कॉम्प्युटर तापलाय." आणि घरघर थांबली.

रेकॉर्डिंगमधला पंखा मात्र चालूच होता. बारीक, एकसारखा. स्वयंपाकघरापर्यंत तो कधी पोचलाही नसता. थांबला होता तो दुसरा आवाज. बराच वेळ नुसता पंखा. मग तोंडावर रुमाल दाबून घ्यावा तसा एक श्वास, थोड्या वेळाने आणखी एक. मग हे अगदी हळू नातीला म्हणाले, "आजीला त्रास होतोय आवाजाचा. बाकीची गोष्ट उद्या हं."

माझ्याबद्दल तेवढंच बोलले होते.

मुलीला मी बाकीच्या गोष्टी पाठवल्या, ही नाही. कॉम्प्युटर आता उघडाच असतो, सकाळी तासभर मी तो चालू ठेवते. घरघर अजून येते. आली की मी गॅस बंद करते आणि उभी राहून ऐकते. ओरडत नाही.