सुजाताच्या स्क्रीनवरची विंडो

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला तरी सांगावं की नाही, अजून ठरत नाहीये. पण किती दिवस पोटात ठेवायचं?

भुकूममधल्या आमच्या छोट्या कंपनीत धरणाच्या पाण्याची गणितं होतात. मोठं मशीन आतल्या एसीच्या खोलीत. प्रोग्राम चालतो तिथं, त्याची विंडो मात्र उघडते आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर. एकदा माझा कॉम्प्युटर बिघडला, म्हणून मी सुजाताच्या जागेवर बसून एक मोठं गणित चालू केलं. सुजाता जवळच्या मुठा गावची. कंत्राटावर होती, महिनाअखेरीस कायम होणार होती. तिच्या आईनं पेढे कुठून आणायचे तेही ठरवून ठेवलेलं.

विंडो तिच्याच स्क्रीनवर राहिली. सहाव्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. "सर, माझं मशीन लई अडकतंय. तुमची ती विंडो बंद करू का?"

मी मानही वर केली नाही. "कर की. ते नुसतं चित्र आहे, काम आत चालूच राहतं."

कसला शहाणा मी! ते काम त्या विंडोलाच बांधलेलं होतं. विंडो गेली की काम गेलं. मला माहीत नव्हतं का? होतं हो! इतरांना शिकवायचो मी हे. पण त्या क्षणी मला तिला फक्त कटवायचं होतं.

तिनं विंडो बंद केली आणि सहा दिवसांचं गणित गेलं. साहेब भडकले. सुजाता म्हणाली, "सरांना इचारूनच बंद केली मी." सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी — लिहितानाही लाज वाटते — मी म्हणालो, "मला? मला नाही बुवा कुणी विचारलं."

तिनं वाद घातला नाही. जाऊन आपल्या जागेवर बसली. महिनाअखेरीस तिचं कंत्राट संपलं, ते संपलंच.

एवढ्यावर थांबलो असतो तर निदान नुसता भित्रा म्हणवून घेतलं असतं. पण नवीन कुणी रुजू झालं की मी हा किस्सा रंगवून सांगतो — सुजाता नावाची एक होती आमच्याकडे, न विचारता विंडो बंद केली पठ्ठीनं! पोरं हसतात. मीही हसतो. मागच्या सोमवारीसुद्धा सांगितला.

तिनं विचारलं होतं. मलाच.