काट्यावरचे मामा आणि उतरत नसलेलं वजन

वजन उतरवण्याचे जगात जेवढे उपाय असतील तेवढे आमच्या काट्यावरच्या मामांनी करून पाहिले होते, आणि प्रत्येक उपायानंतर त्यांचं वजन थोडं वाढलेलंच असायचं. मामा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाची भरलेली गाडी तोलायची, रिकामी झाली की पुन्हा तोलायची आणि फरक लिहायचा, हे त्यांचं काम. स्वतःचं वजनही ते याच रीतीने करत. बैलगाडी आधी मामांसकट, मग मामांशिवाय. काटा दहा-दहा किलोंनीच हलायचा, त्यामुळे मामा एक तर नव्वद भरत, नाही तर शंभर. नव्वद भरले की पेढे आणत आणि पहिला स्वतः खात. शंभर भरले की, "मधीच बैलानं शेण टाकलं," म्हणत.

मी कारखान्याच्या कॉलनीत त्यांच्या शेजारी राहायचो. संध्याकाळी ओट्यावर बसून ते मला उपायांचे गुणदोष समजावत. मध-लिंबूपाणी स्वस्त, पण भूक खवळते. टीव्हीवरच्या जाहिरातीतला कमरेचा पट्टा बसल्याबसल्या घाम काढतो, पण लाइट गेली की नुसताच गुंडाळलेला राहतो. सगळ्यांत गुणकारी चालणं. "पर हंगामात चाललो तर दारोदार च्या पाजत्यात. आन् हंगाम सरल्यावर चाललो तर समद्या दारांना कुलपं. बोलायला कुत्रं न्हाई."

एका उन्हाळ्यात, गाळपाचा हंगाम संपून हंगामी कामगार गावी गेल्याने कॉलनी अशीच ओस पडलेली असताना, दौंडच्या डॉक्टरांनी त्यांना दम भरला की आता वजन उतरलं नाही तर हृदय साथ देणार नाही. मी काळजीने संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. मामा जेवायला बसत होते. टोपल्यात चार भाकरी. मामींना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"मामा, एकट्याला चार?"

"दोघांचं पीठ घ्यायचा हात बसलाय. टाकवत न्हाई. मग तिच्याबी मीच खातो."

"मग पीठ निम्मं घ्या की! याहून सोपा उपाय नाही."

मामांनी सवयीने याचेही गुणदोष तोलले. "फायदा हाय. वजन उतरंल. पर एकट्याचं पीठ मळलं म्हंजी ती गेली, हे मीच कबूल केल्यागत व्हतंय."

मला फार वाईट वाटलं. घरून जेवून आलो होतो, तरी हात धुऊन त्यांच्यासमोर बसलो आणि मामींच्या दोन्ही भाकरी खाल्ल्या. पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत रोज तेच चाललं. मामा हळूहळू उतरले, मी सुटलो.

मामा आता नाहीत. माझं तेव्हा वाढलेलं वजन अजून आहे, आणि ते उतरवायचा एकही उपाय मी आजवर केलेला नाही.