पाकिटामागचं नाव

विनोदनं पाकिटातलं चिमूटभर येसराचं पीठ जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. "एक नंबर, गड्या. तिखट बराबर हाय. कुठून आणलं?"

"ओळखीच्यांकडचं आहे," मी म्हणालो.

विनोदचं जालन्यातल्या मस्तगडात किराणा दुकान आहे. जाफराबादच्या शाळेत आम्ही दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. त्यानं पाकीट उलटं केलं. मागे, नियमानं लागतं म्हणून, बनवणाऱ्याचं नाव होतं. कमल साळवे. माझी बायको.

त्यानं नाव वाचलं. पाकीट खाली ठेवलं. माठातलं पाणी तांब्यात घेतलं, पायरीवर आला आणि चूळ भरली. दोनदा. गिऱ्हाईकांसमोर.

"जरा तिखट हाय," म्हणाला.

अर्ध्या मिनिटापूर्वी बराबर होतं.

मी नमुन्याला आणलेल्या पाकिटांतलं एक एका बाईनं बघायला घेतलं होतं, ते तिनं हळूच परत ठेवलं. विनोद माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "वहिनीच्या हाताला चव हाय. पण हे आडनाव चालणार न्हाई रे. मी न्हाई म्हणून राह्यलो, मार्केट म्हणून राह्यलं. पटत न्हाई तर विचारून घे. मोबाईलवर फुकटात होतंय आता."

मी त्याला जाब विचारायला हवा होता. मी मार्केटला विचारायला गेलो. हा माझा गुन्हा.

बियाण्याच्या कंपनीतली माझी नोकरी सुटली तेव्हापासून घर कमल चालवते. धान्य, डाळी, मसाले भाजून येसर करते. आमटीला लावायचं पीठ. तिच्या आईकडून शिकलेलं. धंदा वाढवायचं ठरलं तेव्हा तिची एकच अट होती. "पाकिटावर माझं नाव पाहिजे. रेशनकार्ड सोडून कुठंच न्हाई ते."

मी फोनवर फुकटचा फॉर्म तयार केला. चव कशी, वास कसा, पुन्हा घ्याल का. जालन्यातल्या वर्गमित्रांना बिननावाची पाकिटं वाटली. उत्तरं भराभर आली. 'आईची आठवण झाली.' 'लग्नातल्या पंगतीची आमटी.' 'घरात सगळ्यांना आवडलं, आणखी पाठव.' मी कमलला वाचून दाखवली. आईवालं तिनं दोनदा वाचायला लावलं.

मग बॅचच्या ग्रुपवर मतदान टाकलं. नाव काय ठेवावं? तीन पर्याय दिले. देशपांडे काकू. मराठवाडी चव. कमल साळवे.

आमच्या घरात कोणी देशपांडे काकू नाही. ती मी बनवली.

पहिलं मतही मीच दिलं. काकूंना. कुणी सुरुवात करत नाही म्हणून दिलं, असं स्वतःला सांगितलं. खोटं. विनोदच्या पायरीवरच मी त्याचं म्हणणं मान्य केलं होतं.

संध्याकाळपर्यंत काकू जिंकल्या. थोडी मतं मराठवाडी चवीला. कमल साळवेला एकही नाही. जयंतीला स्टेजवरून समतेवर बोलणारा एक जण त्या ग्रुपमध्ये आहे. त्याचं मत काकूंना. एकाच्या आईच्या ऑपरेशनला मी रक्त दिलं होतं. त्याचंही काकूंना. रक्त चाललं होतं.

कोणी कोणाला मत दिलं ते त्या मतदानात दिसतं, हे मी विसरलो होतो. कमल विसरली नाही. तिनं माझा फोन घेतला, बोटानं मतदान उघडलं आणि एकेक नाव मोठ्यानं वाचलं. मग थांबली.

"ह्यात तुम्हीबी हाय."

मी फोन घ्यायला हात पुढे केला. तिनं दिला नाही.

"ह्या काकू भाजायला कधी येणारेत?" तिनं विचारलं. "चुलीपुढं जागा करून ठेवते."

फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि आत गेली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी माझं मत काढून घेतलं. कमल साळवेला दिलं. एक मत. खाली लिहिलं: 'हे येसर माझ्या बायकोनं केलंय. तुम्ही सगळ्यांनी खाल्लंय. तुम्हाला आईची आठवण आली ती तिच्याच हातानं.'

विनोदचं उत्तर लगेच आलं. 'ग्रुपवर जातीचा विषय कशाला आणतो भाऊ? आपण सगळे एक बॅच.' त्याखाली अंगठेच अंगठे.

मी पुन्हा वर जाऊन सगळं वाचलं. जात हा शब्द मी कुठंच लिहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी विनोदकडे राहिलेली नमुन्याची पाकिटं परत आणायला गेलो. विनोद हसत म्हणाला, "डोकं गरम करू नको यार. काकूंचं लेबल लाव, दिवाळीचा सगळा माल मी उचलतो. घरबसल्या धंदा."

सगळा माल. पंधरा दिवसांपूर्वी मी त्याच्या पाया पडलो असतो.

"काकू नाहीत," मी म्हणालो. "कमल साळवे आहे. तिखट लागलं तर चूळ भर."

गिऱ्हाईकं बघत होती. बघू दिली.

कमलनं मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलीही नाही. नव्या पाकिटावर तिचं नाव पुढच्या बाजूला आहे, येसर या शब्दापेक्षा मोठं. फॉर्म मी अजून पाठवतो. फरक एवढाच की आता पहिली ओळ अशी आहे: बनवणारी, कमल साळवे. ज्याला थांबायचं त्यानं तिथंच थांबावं. चवीचं मी त्याच्यानंतर विचारतो.